गोव्यात राहून ग्लायडिंग शिकायचंय? विंग घ्यायच्या आधी हे वाचा

दिवाळी उलटली आणि दुपारचा खारा वारा नीट धरायला लागला की प्रश्न सुरू होतात. "सेकंडहँड विंग स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का?" "केरीच्या सड्यावर दोन-तीन दिवसांत कोणी शिकवेल का?" "ट्राइक आणून हरमलच्या रेतीवरून उडवली तर कोण विचारणार?" विचारणारी माणसं हुशार असतात, फक्त क्रम उलटा लावतात: आधी विंग, मग जागा, मग यूट्यूब, आणि पाय मुरगळला की मग शिकवणारा. खाली सुलटा क्रम देतोय. मधली एखादी पायरी कंटाळवाणी वाटेल (चौथी तर वाटणारच), पण ती गाळू नका.

१. काय उडवायचंय ते आधी ठरवा

आपल्याकडे "पॅराग्लायडिंग शिकतोय" म्हटलं की समोरचा विचारतो, "बोटीमागचं ना?" ते पॅरासेलिंग. बागा-कळंगुटला बोट तुम्हाला दोराने वर ओढते, तुमच्या हातात काहीच नसतं. टँडम म्हणजे पायलटच्या पुढे बसून फिरून येणं, मजा येते, पण कितीही टँडम केल्या तरी त्यातून पायलट होत नाही. छंद म्हणून शिकण्यासारखे प्रकार तीन.

पॅराग्लायडर म्हणजे कापडी विंग, आत कडक फ्रेम नाही. हार्नेस (पट्ट्यांची बैठक), रिझर्व्ह (अडचणीत उघडायचं जादा पॅराशूट), हेल्मेट सगळं धरून १५-२० किलोची सॅक, बसमध्ये घेऊन जाता येते.

हँग ग्लायडरला अॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम असते, पायलट खाली पोटावर लटकतो आणि समोरचा बार ओढून-ढकलून अंगाचं वजन सरकवत वळतो. ग्लाइड (उंची गमावत किती लांब जातो ते) पॅराग्लायडरपेक्षा चांगली, जोराच्या वाऱ्यातही पुढे सरकतो. पण वजन २५-३५ किलो, घडी घातली तरी पाच-सहा मीटर लांब, म्हणजे गाडीच्या टपावर रॅक आणि उचलायला दुसरा माणूस हवाच. शिवाय शिकवणारे आपल्या देशात फार थोडे आणि सामान बहुतेक बाहेरून मागवावं लागतं. म्हणून माझं मत सरळ आहे, हँग ग्लायडरचंच वेड असलं तरी सुरुवात पॅराग्लायडरने करा. वारा, डोंगर, हवेतले नियम तेच असतात, ते शिकलेलं वाया जात नाही.

तिसरा प्रकार मायक्रोलाइट, ज्याला लोक अल्ट्रालाइट म्हणतात. यातली ट्राइक म्हणजे हँग ग्लायडरच्या विंगखाली चाकं, सीट आणि इंजिन. ही कायद्याने विमानातच मोडते: डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नोंदणी, अंगावर 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं, चालवणाऱ्याला पायलट लायसन्स. दोन सीटवाल्या मायक्रोलाइटला ४५० किलोची मर्यादा आहे म्हणून ते खेळणं ठरत नाही. तिच्याबद्दल आठव्या पायरीत.

इशारा: "हलकं आहे, परवानगी लागत नाही" असं विकणाऱ्याने सांगितलं तर तेच लेखी मागा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

२. शरीर, पैसे, घरचे

हे पटकन सांगतो. उंचीची भीती वाटते म्हणून थांबायची गरज नाही, बऱ्याच पायलटना गच्चीच्या कठड्यावरून खाली बघवत नाही. फिट येणं, हृदयाचा त्रास, जुनं पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर मात्र आधी डॉक्टर. पोहता आलंच पाहिजे, नुसतं तलावात नाही तर लाटांत.

खर्च: बेसिक कोर्सला दहा हजारांच्या पटीत पैसे, आणि नवीन पूर्ण सेट (विंग, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट) घ्यायचा तर साडेतीन-चार लाखांच्या पुढेच जातो. त्यात दर वर्षीची तपासणी, रिझर्व्हचं रिपॅकिंग आणि घाटावरच्या फेऱ्या धरा. इन्शुरन्सचे कागद काढून बघा, बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं.

घरच्यांना आधीच सांगा. व्हॉट्सअॅप स्टेटसवरून आईला कळलं तर पुढची दिवाळी जड जाते.

३. शिकायला घाटावर जा, केरीला नको

हरमल आणि केरीच्या मधला सडा, म्हणजे समुद्रालगतचं पठार, दिसतो भारी: पश्चिमेला तोंड, समोरून थेट दर्याचा वारा. पण शिकण्यासाठी लागतो तो गवताळ, हलक्या उताराचा डोंगर, जिथे धावताना चुकलात तर गुडघा खरचटून थांबतात. केरीला असा उतारच नाही. सडा संपला की एकदम कडा, खाली खडक आणि वाळूची पट्टी, भरतीला ती पट्टीही बारीक होते. पहिली चूक करायची ही जागा नव्हे.

पुणे जिल्ह्यात कामशेतच्या आसपास लहान-मोठे सरावाचे डोंगर आहेत, पॅराग्लायडिंगच्या शाळाही तिथे जास्त. गोव्यातून रात्रीची बस पकडून पुणे किंवा गोवा एक्सप्रेसने पुणे, तिथून लोणावळा लोकलने कामशेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा, कारण मार्च-एप्रिलमध्ये दुपारी थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा) फार रांगडे होतात आणि मग शिकणं फक्त सकाळ-संध्याकाळ उरतं. हिमाचलचं बीर-बिलिंग नंतर. तिथला टेकऑफ सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, पहिल्या धड्यासाठी नाही.

कोर्स बहुतेक ठिकाणी पी-१, पी-२, पी-३ अशा पायऱ्यांत असतो. पी-१ मध्ये विंग हाताळणं आणि छोट्या उतारावरून टप्पे, पी-२ मध्ये उंचावरून स्वतंत्र उड्डाण, पी-३ मध्ये डोंगराच्या वाऱ्यावर टिकून राहणं. पी-१ करून परत येणारे पुष्कळ. तेवढ्यावर तुम्ही पायलट झालेला नसता, त्यामुळे पी-२ पर्यंतचे दिवस एकदम काढूनच निघा. वारा नसला तर दिवस फुकट जातात, म्हणून दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवा आणि परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा.

शाळा निवडताना तपासा:
- इन्स्ट्रक्टरचं स्वतःचं लायसन्स किंवा रेटिंग, कोणत्या संस्थेचं आणि कधीपर्यंतचं
- एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती, टेकऑफ आणि लँडिंग दोन्हीकडे रेडिओवर माणूस असतो का
- रिझर्व्ह शेवटचा कधी पॅक केला, तारीख दाखवतात का
- वारा वाईट असला तर "आज नाही" म्हणतात का. हे विचारून कळत नाही, एक दिवस आधी जाऊन नुसतं बसून बघावं लागतं

कागद का बघायचे? जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या सड्यावरून टँडम उड्डाण घेताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही गेले, आणि पोलिसांनी कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल केला. शिकणाऱ्याने आणि नुसतं बसणाऱ्यानेसुद्धा कागद मागायला लाजू नये.

४. ग्राउंड हँडलिंग, जे कोणालाच करायचं नसतं

कोर्स झाला, घरी आलात, आता उडायची घाई. थांबा. विंग जमिनीवर राहून डोक्यावर उभी धरायला शिकणं हाच अर्धा खेळ, आणि इथे आपला गोवा एकदम नशीबवान, कारण समुद्रावरून येणारा वारा सपाट आणि एकसारखा असतो. घाटावरच्या लोकांना असा वारा शोधावा लागतो. विंग या काळात शाळेकडून किंवा ओळखीच्या पायलटकडून जुनी घ्या, सरावासाठी चालते.

जागा: गावातलं फुटबॉल ग्राउंड, कापणी झालेला मळा, किंवा रुंद, मोकळा बीच. बीचवर लक्षात ठेवा, वारा समुद्राकडून येतो म्हणजे तो तुम्हाला जमिनीकडे ओढणार, त्यामुळे पाठीमागे शॅकचे खांब, सुरूची झाडं, रापणीच्या होड्या, उन्हात झोपलेले पर्यटक काय काय आहे ते आधी बघा. मोरजीची कासवांची पट्टी सोडून द्या.

इशारा: पाण्याच्या रेषेजवळ जाऊ नका. विंग लाटेत गेली की कप्प्यांत पाणी भरतं आणि परतणारी लाट तिच्यासकट तुम्हाला ओढते. हार्नेस अडकवलेला असताना हे गुडघाभर पाण्यातही जीवावर बेतू शकतं.

क्रम असा:
१) हेल्मेट, हातमोजे, घोट्याला आधार देणारे बूट. जमिनीवरच आहोत म्हणून हेल्मेट काढायचं नाही, सगळ्यात जास्त फरफट जमिनीवरच होते.
२) विंग तिच्या पाठीवर, म्हणजे वरची बाजू जमिनीला टेकवून पसरा, मागची कड तुमच्याकडे, हवा शिरायची तोंडं पलीकडे आणि वर. एकेक लाइन (विंगची दोरी) मोकळी करा, काटकी अडकली असेल तर आत्ताच काढा.
३) हार्नेस घालून वाऱ्याकडे पाठ, विंगकडे तोंड. वळताना कोणत्या बाजूने वळायचं ते ठरवून घ्या आणि कायम तीच बाजू ठेवा.
४) ए रायझर (विंगच्या पुढच्या कडेच्या लाइन जोडलेले पट्टे) हलकेच उचलून विंगची नुसती भिंत उभी करा. भिंत वाकडी असेल तर विंग वाकडीच वर येणार. खाली सोडा, परत करा.
५) आता पूर्ण वर आणा. वारा जास्त असेल तर ती वर येताना दोन पावलं तिच्याकडे चालत जा, जोर मरतो. डोक्यावर पोचली की ए सोडा आणि ब्रेकचा (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) छोटासा टच, नाहीतर पुढे जाऊन तोंडावर कोसळते.
६) ती डावीकडे कलली तर तुम्ही डावीकडे तिच्या खाली चला. नवखे इथे उलटा ब्रेक ओढतात आणि नजर हातांकडे ठेवतात. नजर विंगवर पाहिजे.
७) आवरायची वेळ आली तर मागचे रायझर खेचा. जोराच्या वाऱ्यात दोन्ही ब्रेक खेचून धरलेत तर विंग पडायच्या ऐवजी तुम्हालाच ओढत नेते. ओढलंच, तर उठून विंगच्या मागे, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, धावत जा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १० किलोमीटरमध्ये आरामात जमलं म्हणून २० मध्ये जमेलच असं नाही.

तपासा: पाच मिनिटं विंग खाली न पडता डोक्यावर, त्यात पुढे वळणं, परत मागे वळणं, आणि शेवटी ठरवलेल्या जागी शांतपणे खाली ठेवणं. हे तीन वेगवेगळ्या दिवशी जमलं की पुढे.

५. आता सामान

आता तुम्हाला कळतं की विंग हातात कशी लागायला हवी, म्हणून खरेदी आत्ता. ईएन-ए किंवा अगदी सौम्य ईएन-बी (हे विंगचे सुरक्षेचे वर्ग, ए सगळ्यात सौम्य). दुकानदार "तुम्ही लवकर शिकताय, सरळ सी घ्या" म्हणाला तर नमस्कार करा.

विंगवर वजनाची रेंज लिहिलेली असते ती तुमच्या नुसत्या अंगाची नाही, कपडे-बूट-हार्नेस-विंग-पाण्याची बाटली सगळं धरून. सॅक पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, रेंजच्या मध्याच्या थोडं वर आलात तर उत्तम. रेंजच्या तळाला असाल तर केरीच्या वाऱ्यात पुढे सरकताना त्रास होईल.

सेकंडहँड घेताना कापडाचा पोरॉसिटी रिपोर्ट (कापडातून हवा किती गळते ते) आणि लाइनच्या ताकदीचा रिपोर्ट मागा, अलीकडचा. किनाऱ्यावर वापरलेली विंग असेल तर रायझर आणि लाइन जोडणारे छोटे स्टीलचे दुवे भिंगातून बघा, गंजाचे ठिपके दिसले की समजा खारं पाणी पचवलेलं आहे. कापडाचा नवेपणातला कडक सळसळ आवाज गेला असेल, बोटांना मऊ लागत असेल, तर ऊन भरपूर लागलंय.

रिझर्व्ह पॅराशूट सेकंडहँड नको. केरीसाठी फ्लोटेशन जॅकेट आणि दोर कापायची हुक नाइफ घ्या.

६. वारा वाचायला शिका

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, तोच धडा इथे रोज चालतो. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे मतलई. पश्चिमेकडच्या कड्यावर हा पाठीमागून येतो, काठावरून खाली कोसळतो आणि तिथे भोवरे करतो. फोटोला प्रकाश छान म्हणून सकाळी सातला विंग घेऊन येणारे असतात. सातला परत जा, झोपा.

जमीन तापली की दुपारच्या आसपास वारा फिरतो आणि खारा सुरू होतो, दुपारभर वाढतो, सूर्य खाली गेला की मरायला लागतो. नवख्याने वाढत्या वाऱ्यात उडू नये, कारण वर असताना तो आणखी वाढणार. बहुतेक दिवशी चांगली वेळ मिळते ती चारनंतर, वारा स्थिर होऊन उतरायला लागतो तेव्हा, पण अंधारायच्या बऱ्याच आधी खाली आलेलं पाहिजे.

उडायच्या आधी हे बघा:
- दिशा: कड्याला काटकोनात, ३० अंशांपेक्षा तिरका नको. मार्च ते मे वारा वायव्येकडून घुसतो, तेव्हा जास्त जपून.
- वेग: काठावर उभं राहून वाऱ्याच्या मीटरने मोजा, खाली बीचवर नाही. कड्यावर चढताना वारा दबून जोरात होतो. ताशी १५ ते २० किलोमीटरच्या मध्ये ठीक, २२ च्या वर नवख्याने विंग उघडूच नये.
- झोत: पाच मिनिटं मीटर धरून ठेवा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यात ७-८ चा फरक असेल तर नाही.
- समुद्र: लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरं दिसतंय तोवर विचार करता येतो. जिकडे बघावं तिकडे फेस, म्हणजे वारा २० च्या पुढे गेला, आज चहा प्या.

विंडी वगैरे अॅप आदल्या रात्री बघायला चांगले, पण अॅपला तुमचा कडा माहीत नसतो. अॅप बारा म्हणतंय आणि मीटर चोवीस, तर मीटरचं ऐका. (यावरून सड्यावर भांडणं होतात, मोबाइल दाखवून.)

७. केरी, आणि तेही कोणाच्या तरी नजरेखाली

आदल्या दिवशी: त्या हंगामात तिथे उड्डाणाला परवानगी आहे का ते पंचायत आणि पोलीस ठाण्यात विचारा. मोपा विमानतळ त्याच पेडणे तालुक्यात आहे आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू आहेत, दाबोळीचा तळ नौदलाचा, त्यामुळे "वर आभाळ मोकळंच आहे" हा गैरसमज घरी ठेवा. कड्याच्या पट्ट्यातच राहायचं, उंची घेत आत जमिनीवर भटकायचं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर लाल-पिवळे-हिरवे झोन दिसतात, ते बघून अंदाज येतो, पण नकाशा म्हणजे परवाना नव्हे.

भरती-ओहोटीचं टेबल बघा. उतरायच्या वेळेला भरती असेल तर लँडिंगची पट्टी अर्धी होते. शक्यतो लाइफगार्ड ड्युटीवर असतानाच उडा. सोबत एक जाणकार पायलट वर आणि एक माणूस खाली, दोघांच्या फोनमध्ये १०८.

टेकऑफ: जांभ्याचे दगड लाइन पकडतात. एखादी लाइन टोकात अडकली आणि विंग वर गेली तर एक बाजू दबूनच उठते. म्हणून काठापासून मागे, दगड कमी असतील तिथे पसरा, आणि दोन्ही बाजूंच्या लाइन हाताने सोडवत एकदा चालत जा.

मग प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, बोलून:
हेल्मेटचा बकल. पायांचे पट्टे दोन्ही. छातीचा पट्टा. कॅराबिनर (विंग हार्नेसला जोडणाऱ्या कड्या) बंद आणि लॉक. रिझर्व्हची पिन आणि हँडल. लाइन मोकळ्या. वारा ठीक. समोर आणि वर कोणी नाही.

पायांचे पट्टे वेगळे सांगतो, कारण अनुभवी लोकही विसरतात. पाणी प्यायला किंवा लघवीला जाताना पट्टे काढले, परत आल्यावर गप्पा मारत छातीचा तेवढा लावला, आणि हवेत गेल्यावर माणूस काखेत लटकलेला. मध्ये काहीही काढलंत तर यादी पहिल्यापासून. चेक करताना कोणी बोलायला आला तरी पहिल्यापासून.

हवेत:
- वळायचं नेहमी कड्यापासून बाहेर, समुद्राच्या बाजूला.
- समोरून कोणी आलं तर ज्याच्या उजवीकडे कडा आहे त्याला वाट द्या, त्याला उजवीकडे वळायला जागा नसते. तुमच्या डावीकडे कडा असेल तर तुम्ही बाहेर व्हा.
- कड्याच्या मागे, सड्याच्या वर सरकू नका. तिथे हवा फाटलेली असते.
- वर जाताय पण पुढे जात नाही, असं जाणवलं की लगेच पुढे, समुद्राच्या बाजूला निघा, स्पीड बार (विंगचा वेग वाढवणारा, पायाने ढकलायचा बार) दाबा. लोक इथे वाट बघतात, "बघू अजून दोन मिनिटं", आणि त्या दोन मिनिटांत मागे ढकलले जातात. वाऱ्याला पाठ करून पळायचा विचार तर करूच नका.

लँडिंग: बीचवर उतरताना वाऱ्याकडे तोंड, जमिनीपासून साधारण एक मीटर असताना पूर्ण ब्रेक. पाय टेकले की वळून विंग ताबडतोब पाडा, ती शॅककडे ओढणार.

पाण्यात जाणारच असं दिसलं तर: छातीचा पट्टा सैल, हात पायांच्या पट्ट्यांच्या बकलवर, पण पाय पाण्याला लागेपर्यंत सुटायचं नाही. पाण्यावर उंचीचा अंदाज हमखास चुकतो, दोन मीटर वाटतात ते दहा असतात. सुटल्यावर लाइनपासून लांब, विंग वाचवायला जाऊ नका. हार्नेसमधला फोम तरंगतो आणि तुम्हाला तोंडावर पालथं करतो, म्हणून हार्नेसमधून बाहेर पडण्याचा सराव आधी उथळ पाण्यात, दोन माणसं उभी करून करून घ्या.

८. इंजिन

पॅरामोटर म्हणजे पाठीवर २०-३० किलोचं इंजिन घेऊन धावणं, आणि धावताना विंग चुकली तर त्या वजनासकट पडणं. ग्राउंड हँडलिंग पक्कं नसेल तर विषय बंद. मायक्रोलाइटला शाळा, मेडिकल, लायसन्स, विमानाचे कागद, उतरायची मान्य जागा हे सगळं लागतं आणि गोव्याच्या आकाशात दोन मोठे विमानतळ असताना ते इथे जुळवणं सोपं नाही. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आलं, त्यात हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, पॅरामोटर, अल्ट्रालाइट सगळं नावानिशी आहे, ते वाचून ठेवा. शिकायला बाहेरच जावं लागेल असं धरून चाला. ट्राइक विकत घेऊन मग लायसन्स बघू म्हणणाऱ्यांच्या ट्राइक ताडपत्रीखाली उभ्या असतात.

९. पावसाळ्याआधी

जूनपासून उडणं बंद, पण सामान याच काळात मरतं. खारं पाणी लागलेलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, साबण नको, ब्रश नको, सावलीत वाळवा. कप्प्यांच्या टोकांना रेती साठते, तिथली चेन किंवा वेल्क्रो उघडून झटका, राहिली तर ती कापडाला आतून घासत राहते. पूर्ण कोरडी झाल्यावर नऊवारीच्या निऱ्यांसारखे कप्प्यावर कप्पे लावून सैल घडी, घट्ट आवळू नका. कपाट भिंतीला टेकलेलं नको, आपल्याकडे ऑगस्टमध्ये भिंतीच घाम गाळतात. सिलिका जेलची पाकिटं टाका आणि महिन्याने बदला.

रिझर्व्ह रिपॅकला आणि विंग तपासणीला मेच्या शेवटीच पाठवून द्या. सप्टेंबरमध्ये सगळेच पाठवतात आणि मग नोव्हेंबरपर्यंत नंबर लागत नाही.